बाई ‘येते’ म्हणाल्या

बाईंना वेळ विचारायची सोय नव्हती. “किती वाजले हो बाई?” असं कुणी सहज विचारलं, की त्या उलट विचारायच्या, “कुठले?”

दोन्ही मनगटांवर त्या घड्याळ बांधत. डाव्या हातातलं आपलं. उजव्या हातातलं, त्या वर्षी वर्गाचा ज्या देशाशी घरोबा असेल त्या देशाचं. माझं दुकान गावाच्या फाट्यावर आहे. झेरॉक्स, रिचार्ज, सातबारा काढून देणं, पोरांची ऑनलाइन कामं, असं सगळं किरकोळ. सकाळी मेहकरकडून येणाऱ्या एसटीतून बाई उतरल्या, की गावातलं पहिलं तोंड त्यांना माझंच दिसायचं. काहीतरी बोलावं म्हणून मी वेळ विचारायचो, आणि त्या मला जपानमध्ये किती वाजले ते सांगून शाळेकडे चालू लागायच्या. मोबाइल माझ्या हातातच असायचा आणि त्यावर वेळही असायची. तरी मी विचारायचो.

ही गोष्ट आमच्या घरात जेवणानंतर पुष्कळदा निघते. मी सांगतो आणि बायको आतून भांडी घासता घासता दुरुस्त्या पाठवते. इथं लिहितोय ते त्या दुरुस्त्यांसकट.

बाई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वरच्या वर्गांना शिकवायच्या. उंचीनं ठेंगण्या, आवाजानं उंच. वर्गात जगाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर देशोदेशी लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या. कुठल्याही देशाचा धडा झाला, त्या लोकांचं जेवणखाण, सणवार, लग्नकार्य सगळं बोलून झालं, की बाई कपाळावरची टिकली काढायच्या आणि त्या देशावर लावायच्या. “झाली ओळख,” म्हणायच्या. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असलं तर दुसरी लावायच्या. नसलं तर तशाच घरी जायच्या.

एकदा अशाच रिकाम्या कपाळानं त्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या होत्या. शेजारच्या गल्लीतली सरूआजी तिथून चालली होती. तिनं कपाळाकडे पाहिलं, डोक्यावरची पाटी खाली ठेवली, बाईंचा हात धरला आणि रडायलाच लागली. “कवा झालं वं माय हे? अन् तू शाळेत काऊन आली?” बाईंना काही कळेना. मला कळलं, पण मध्ये तोंड घालायची हिंमत होईना. तेवढ्यात बाईंचे मालक मेहकरहून स्कूटरवर आले. बाई सकाळी छत्री घरी विसरल्या होत्या, ती द्यायला. आजीनं त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि मला म्हणाली, “हे कोन हायेत?” मी म्हटलं, “आजी, ज्याईच्यासाठी तू रडून राह्यली ते.” बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “आजी, टिकली ब्राझीलला लावून आले.” आजीनं पुढं कितीतरी दिवस गावात सांगितलं, की बाईचा नवरा ब्राझीलले होता, पन वापस आला.

बाईंच्या वर्गात ‘ई’ म्हणायला बंदी होती. म्हणजे वर्णमालेतलं ‘ई’ चालायचं. नाक मुरडून म्हणतो ते ‘ईऽऽ’ नाही. कुणाचं जेवण, कुणाचे कपडे, कुणाची चाल पाहून एखाद्यानं ‘ईऽऽ’ केलं, की बाई भुवई उंचावून विचारायच्या, “कशाचा?” आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, “ईडलिंबाचा!” आमच्या घरातही हे आलं. दोडक्याच्या भाजीकडे बघून मी एकदा ‘ई’ म्हटलं, तर सहावीतली माझी गौरी ताटावरून म्हणाली, “कशाचा, बाबा?” आणि मला ईडलिंबाचा म्हणून मुकाट्यानं दोडकं खावं लागलं.

बाई तेवढ्यावर थांबत नसत. आपण दुसऱ्याला ई म्हणतो, मग आपल्या घरातलं काय बघून दुसरे ई म्हणतील, ते त्यांनी पोरांना सांगायला लावलं. कुणी म्हणालं, आम्ही अंगण शेणानं सारवतो. कुणी म्हणालं, आमची आजी मिश्री लावते. पालकसभेत बाईंनी ही सगळी उत्तरं नाव न घेता सांगितली. त्यातलं एक होतं, “माझे बाबा जेवल्यावर ताटातच हात धुतात.” सगळे हसले, मीही हसलो. बायको हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

दुसरा नियम ‘काऊन’चा. “जगाकडे जायला एकच दरवाजा आहे,” बाई म्हणायच्या, “काऊन? पण ‘काऊन’ म्हणायचं, ‘काऊन बे’ नाही म्हणायचं. बे लागलं, की दरवाजा बंद.” एकदा पुण्याकडचे कुणी साहेब शाळा बघायला आले होते. पोरांनी त्यांना घेरून “काऊन?”, “काऊन?” सुरू केलं. साहेब हसत म्हणाले, “अरे, ‘का’ म्हणा, ‘काऊन’ काय?” बाईंनी शांतपणे विचारलं, “काऊन?” साहेबांनी बॅग उचलली. ते चहा न घेताच गेले, असं मी सांगतो. बायको म्हणते, चहा घेतला होता.

आता जपानबद्दल. कुठल्याशा ऑनलाइन प्रशिक्षणात बाईंची तिथल्या एका शिक्षिकेशी ओळख झाली. उत्तरेकडचं, बर्फाचं, लहानसं गाव. आमच्यासारखीच लहानशी शाळा. दोघींनी ठरवलं, की दर मंगळवारी सकाळी, तिकडची जेवणं आटोपली की, दोन्ही वर्गांनी एकमेकांना पडद्यावर भेटायचं. भाषा इंग्रजी. इकडच्यांना येत नव्हती, तिकडच्यांनाही येत नव्हती, त्यामुळं कुणाची पंचाईत नव्हती.

पंचाईत नेटची होती. शाळेतलं नेट वारा आला की जायचं. बाई दुकानात आल्या, म्हणाल्या, “तुमच्या मोबाइलला रेंज असते. मंगळवारी मोबाइल घेऊन वर्गात बसा.” मी म्हटलं, “मोबाइल देतो, घेऊन जा.” “नको. तुमचा मोबाइल सारखा वाजतो, तो उचलायला तुम्ही पाहिजे.” झालं. दर मंगळवारी दुकान बायकोच्या हवाली करून मी खिडकीजवळच्या बाकावर, मोबाइल छातीशी धरून बसू लागलो. त्या वर्गात मी शिक्षक नव्हतो, पालकही नव्हतो. मी नेट होतो.

त्यामुळं जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्याच दिवशी तिकडच्या मुलांनी त्यांच्या जेवणातला एक पदार्थ दाखवला. आंबवलेलं सोयाबीन, काडीनं उचललं की तारा सुटतात. आमच्या बाकांवरून ‘ईऽऽ’ निघालं, बाईंची भुवई वर गेली, ईडलिंबू झालं. मग एक पोरगं उठलं. “बाई, हे सोयाबीन खाऊन राह्यले! आपल्या वावरातलं?” आमच्या बाईंनी तिकडच्या बाईंना सांगितलं, की आमच्या शिवारात खरिपात जिकडेतिकडे सोयाबीनच असतं. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी विचारलं, मग तुम्ही ते कसं खाता?

पोरांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही नेटला माहीत असावं. आम्ही सोयाबीन पेरतो, काढतो, मोंढ्यावर नेतो, भावावरून भांडतो. खात नाही. “काऊन?” बाईंनी आमच्याच पोरांना विचारलं. तो प्रश्न त्या संध्याकाळी घरोघर गेला आणि बापांना त्याचं उत्तर देता आलं नाही. माझ्या मते नानांचा राग तिथूनच सुरू झाला.

नाना म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. शिवारात सगळ्यांत जास्त सोयाबीन त्यांचं. नातू गौरीच्या वर्गात. माणूस वाईट नाही, पण त्यांना न विचारता कुणी काही केलं, की ते वाईट आहे असं त्यांचं प्रामाणिक मत. दिवाळीआधीच्या सभेत ते उभे राहिले.

“बाई, शिष्यवृत्तीची परीक्षा काय जपान देऊन राह्यला? पोट्टे घरी येऊन आमाले काऊन काऊन करते. काल नातवानं माह्या चपला उचलल्या अन् तोंड दरवाजाकडं करून ठेवल्या. म्हने, जपानमध्ये असंच ठेवते. मी घरात आलो, का घरातून चाललो?”

हे खरं होतं. तिकडे शाळेत शिरताना बूट काढतात आणि आत घालायला वेगळ्या चपला असतात. आपली पोरंही वर्गाबाहेर चपला काढतात. दोन्हीकडच्या पोरांची दोस्ती तिथंच जमली होती. तेव्हापासून आमच्या व्हरांड्यातला चपलांचा ढीग जाऊन ओळ आली होती. आमच्या घरीही आली होती.

बाई म्हणाल्या, “नाना, यंदा उन्हाळ्यात मी रिटायर होते. मला सत्काराची शाल नको. माझ्यामागं हा तास चालू राहिला पाहिजे, एवढंच समितीनं करावं.”

“अन् आमी नाई म्हनलं तं?”

“तर मी तुम्हाला ‘काऊन’ विचारीन. रोज विचारीन.”

नाना खाली बसले. ठरलं असं, की तास वार्षिक परीक्षेपर्यंत चालू द्यायचा, मग समिती बघेल. बघेल म्हणजे बंद करेल, हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनाही. पण त्या दिवसापासून त्यांनी मंगळवारचा एकही तास चुकवला नाही. ताप असला तरी आल्या. एसटी बंद होती तेव्हा मालकांच्या स्कूटरवर मागं बसून, नकाशाची गुंडाळी भाल्यासारखी उभी धरून आल्या.

आणि मग ते पायांचं प्रकरण झालं.

शाळेचा मेल माझ्या दुकानात उघडायचा. तिकडच्या बाईंचा मेल आला होता. माझं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं. वाचलं आणि घाबरलो. बाई उतरल्याबरोबर म्हटलं, “बाई, त्याईले आपल्या पोरांचे पाय पाह्यजेत.”

“पाय?”

“हाव. सगळ्यांचे.”

बाईंनी वाचलं. “पाय नाही हो, पायांची मापं. काहीतरी गणिताचा प्रकल्प असेल.” त्या दिवशी वर्गात सगळ्या पोरांनी वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलीनं आखले, मोजले, आणि मापं जपानला गेली. गावात मात्र दुपारपर्यंत ठरलं, की जपान फुकट बूट वाटणार आहे. एक-दोन बापांनी आपलेही पाय आखून आणले.

पुढच्या मेलमध्ये फोटो होता. मी प्रिंट काढली. लाकडाची लांब मांडणी, तिला छोटे छोटे खण, प्रत्येक खणात पांढऱ्या चपलांचा एक जोड, आणि खणावर आमच्या पोरांची नावं. मराठीत! पोरांनी पडद्यावर आपापली नावं लिहून दाखवली होती, त्यावरून बघून काढलेली. गौरीच्या ‘ग’चा काना तुटून लांब पडला होता. मागं भिंतीवर रंगीत कागदाची कमान. खाली सोप्या इंग्रजीत मजकूर, जो नानांच्या नातवालाही वाचता आला: तुम्ही येणार म्हणून आम्हाला फार आनंद झाला आहे. कधी येता? बर्फात की फुलांच्या दिवसांत?

प्रिंट मशीनमधून निघत होती तेव्हा दुकानात नेमके नाना उभे होते.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस गाव जमिनीवर नव्हतं. खामगावहून स्वेटर आणायचे, की तिकडंच मिळतील? विमानात भाकरी नेऊ देतात का? नाना सकाळीच माझ्या दुकानात येऊन बसले. “पासपोर्ट काढाले काय काय लागते?” मग आवाज उतरवून, “अध्यक्ष संगं जाते का रे? म्हंजे, जाऊ देत असतीन का?” आणि जरा वेळानं, “बाई मोठी हुशार बाई हाये. म्या पयल्यापासून म्हनत होतो.”

फक्त बाई खुश नव्हत्या. त्यांनी प्रिंट हातात घेऊन वर्गाला विचारलं, “आपण येणार असं त्यांना कुणी सांगितलं?”

शेवटी गौरी उठली. “बाई, आपनच सांगतो ना. दर खेपेले.”

“कधी?”

“तास संपल्यावर. सगळे हात हालवून म्हनतो ना, ‘वी कम, टीचर, वी कम!’ तुमीच म्हनल्या होत्या, घरात जे बोलतो तेच बोलाचं, फक्त शब्द बदलाचे. घरातून निंगतानी आमी ‘येतो’ म्हनतो.”

“अरे, पण निघताना इंग्रजीत...”

“‘जातो’ म्हनलं तं आई मारते, बाई,” नानांचा नातू म्हणाला.

बाई खुर्चीत बसल्या. वर्गात त्या कधी बसत नसत, म्हणून पोरं घाबरली. मला सगळे मंगळवार आठवले. पोरं ‘वी कम’ ओरडायची, तिकडच्या बाई डोळे मोठे करून विचारायच्या, “यू कम? हिअर?” आणि आमची पोरं, ज्यांना इंग्रजीत सगळ्यांत चांगलं ‘यस’ येतं, ती जीव तोडून म्हणायची, “यस, टीचर!” मीही हात हलवायचो. नेटनंही ‘वी कम’ म्हटलं होतं.

बातमी फुटायला दुपार लागली नाही. नाना आले ते मोठ्या आवाजातच. “फसवलं तुमी बाई! पोट्ट्यासमोर नाक कापलं आमचं! म्या सोयऱ्याईले सांगतलं, जपानले चाललो म्हनून!” मुख्याध्यापक म्हणाले, काही दिवस मेलचं उत्तर देऊ नका, तिकडचे आपोआप विसरतील. मी म्हटलं, “बाई, नेट गेलं म्हनून सांगून देऊ. आपल्याकडं नेट जातेच.” नाना म्हणाले, “जे सांगाचं ते सांगा. तास बंद. परीक्षेची वाट पाहाची गरज नाई.”

बाई उभ्या राहिल्या. “बंद करायचा असेल तर मंगळवारी करा. सगळे या. पालक या, नाना या. आपण येणार म्हणून ज्यांनी चपला मांडून ठेवल्या, त्यांना आपण तोंडानं सांगायचं. पाठ फिरवायची नाही. मग तुमचा ठराव करा, मी सही करीन.”

“अन् कोन सांगीन त्याईले?”

“ज्यांनी बोलावणं घडवलं ती. पोरं.”

मंगळवारी वर्गात बसायला जागा नव्हती. बापे भिंतीला टेकून, बाया दाराशी, सरूआजी सगळ्यांत पुढं, कारण तिला ब्राझील बघायचं होतं. व्हरांड्यात चपला काढताना नाना थांबले. ओळ सरळ होती. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आपल्या चपला ओळीच्या बाहेर, मुद्दाम वाकड्या ठेवल्या. मी खिडकीशी मोबाइल छातीला लावून बसलो. त्या दिवशी रेंज गेली असती तर मी गाव सोडलं असतं.

पडदा उजळला. तिकडची पोरं कमानीखाली ओळीत उभी होती. गौरी पुढं गेली.

“टीचर,” ती म्हणाली, “सॉरी, टीचर. इन अवर व्हिलेज, वी कम मीन्स... वी गो.”

तिकडं कुणी हललं नाही. मला वाटलं, चित्र अडकलं. मोबाइल बघितला; नेट होतं. एका मुलीनं कमानीचा सुटलेला कागद हातात धरला होता, तो तिनं हळूच मागं लपवला.

मग तिकडच्या बाईंनी विचारलं, “व्हाय?”

गौरीनं वळून आमच्या बाईंकडं पाहिलं. बाईंनी ओठ घट्ट मिटले होते. त्या काही सांगणार नव्हत्या. नानांचा नातू बाकावरून उठला आणि गौरीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

“इफ आय से गो,” तो म्हणाला, “मदर फिअर. आय नॉट कम बॅक. सो आय से, कम.”

तिकडच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आपल्या पोरांकडं वळून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यांची पोरं एकमेकांकडं बघू लागली, हसू लागली, आणि मग सगळी एकदम म्हणाली, “इत्तेकिमास!”

त्या बाईंनी फळ्यावर आधी जाण्याचा बाण काढला, मग येण्याचा, आणि दोन्ही जोडले. आपल्या मोडक्या इंग्रजीत त्या हळूहळू सांगत गेल्या आणि आमच्या बाई मराठीत करत गेल्या. “त्या म्हणतात, आमच्याकडंही घरातून निघताना नुसतं ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘जाऊन येतो’ म्हणतात. इत्तेकिमास. आणि घरात जे असेल ते म्हणतं, इत्तेराश्शाई. म्हणजे, जाऊन ये.”

“काय म्हनते म्हने?” सरूआजीला नीट ऐकू आलं नव्हतं.

“जाऊन ये म्हणतात, आजी.”

“मंग बराबर हाये की,” आजी म्हणाली. “शिकेल लोक हायेत.”

हशा झाला. तिकडंही झाला, आमचा बघून. पण नाना हसले नाहीत. ते भिंतीपासून पुढं आले आणि पडद्याच्या इतक्या जवळ उभे राहिले, की जपानला फक्त त्यांच्या पागोट्याचं टोक दिसत असणार.

“बाई, त्याईले इचारा,” ते म्हणाले, “ते खन आता काढून टाकतीन का?”

बाईंनी विचारलं. तिकडच्या बाईंनी मुलांना विचारलं. मुलांनी जोरजोरात माना हलवल्या. नाही. नावं तशीच राहतील. चपलाही. येतो म्हटलंय ना, मग आज ना उद्या याल.

नाना वळले. नातवाच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं, ठेवला नाही. “माह्या वावराचा सोमवारी पान्याचा नंबर रायते, मंगळवारी मी मोकळा,” ते कुणाकडंही न बघता म्हणाले. “तास मंगळवारीच राहू द्या. पुढच्या सालीबी.” आणि बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. आपल्या वाकड्या चपला घालताना त्यांचा पाय ओळीतल्या एका लहान चपलेला लागला. त्यांनी वाकून ती सरळ केली.

वार्षिक परीक्षा झाल्यावर बाईंची सेवापूर्ती झाली. नको म्हणत असतानाही शाल झाली, नारळ झाला. नानांनी भाषण केलं आणि त्यात जपान आपल्यामुळंच आला असं वाटावं, अशा बेतानं तो आणला. मग पोरं बाईंना पोचवायला फाट्यापर्यंत आली. बाईंनी पर्समधलं पाकीट काढून उरलेल्या सगळ्या टिकल्या गौरीच्या हातावर ठेवल्या. एसटी आली. बाई पायरीवर चढल्या, वळल्या आणि म्हणाल्या, “येते.”

पोरं ओरडली, “इत्तेराश्शाई!” कंडक्टर म्हणाला, “कोनती गाडी पाह्यजे यांले?”

आम्ही सगळे घरी गेलो. ‘येते’ तर सगळेच म्हणतात. 

जूनच्या शेवटी शाळा उघडली. समितीचा शब्द पक्का होता, तास ठेवायचा. पण बाईंची जागा रिकामी होती. नवीन शिक्षक येणार असं वरून सांगत होते आणि येत कुणीच नव्हतं. मुख्याध्यापक तीन वर्गांमध्ये पळत होते. पोरं सोमवारी दुकानावर येऊन गेली. “बाबा, उद्या मंगळवार,” गौरी म्हणाली. मी म्हटलं, “मी नेट देऊ शकतो. तास नाही देऊ शकत.” बायको आतून म्हणाली, “एकदा तरी खरं बोलले.”

मंगळवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो. मेहकरची एसटी थांबली. आधी नकाशाची गुंडाळी उतरली, मग छत्री, मग बाई. दोन्ही मनगटांवर घड्याळ.

मी शटर अर्धं धरून तसाच उभा. “बाई? तुमी काऊन?”

“काऊन काय?” बाई म्हणाल्या. “‘येते’ म्हटलं होतं ना?”

“अहो पन बाई, ते तं आपन सगळेच म्हनतो...”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग उजव्या हातातल्या घड्याळाकडं.

“चला,” त्या म्हणाल्या, “मोबाइल घ्या. तिकडं जेवणं आटोपली.”